जुने ऑफिस पुसू नका, नव्याच्या शेजारी नीट बसवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिन्हींचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. तेव्हापासून सोलापुरात मशीन बदलण्याची, निदान ऑफिस नवे घालण्याची घाई दिसते. पतसंस्था, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, गारमेंटवाले, शाळा, क्लास, डीटीपीची दुकाने अशा सगळ्यांना सर्रास एकच सल्ला मिळतो: जुने काढून टाका, नवे टाका. यातला दुसरा भाग बरोबर आहे. पहिला भाग मात्र अनेकांना महागात पडतो, कारण पंधरा-वीस वर्षांचे काम ज्या आवृत्तीत झाले तीच नाहीशी होते, आणि अडचण कळते ती ऑडिटच्या तोंडावर.

एकाच संगणकावर जुने आणि नवे ऑफिस दोन्ही ठेवता येते. त्याचे मोजके नियम आहेत. ते मोडले की दोन्ही बिघडतात आणि ‘दोन ऑफिस एकत्र चालतच नाहीत’ असे सांगून लोक मोकळे होतात. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी हे ठरवावे की जुने खरोखर लागते का. जुना मेनू हाताखालचा आहे, एवढेच कारण असेल तर ठेवू नये. नव्याची सवय महिन्याभरात होते. पण काही कामे अशी आहेत की नवे ऑफिस ती करतच नाही. ॲक्सेस ९७ (ऑफिसमधला डेटाबेसचा प्रोग्रॅम) मध्ये बनवलेली सभासदांची किंवा कर्जखात्यांची फाइल ॲक्सेस २०१३ पासून पुढे उघडत नाही. ती २००७ किंवा २०१० मध्ये उघडून नव्या प्रकारात साठवावी लागते, मगच आजच्या ॲक्सेसला ती दिसते. फॉर्मवर तारीख निवडायचे छोटे कॅलेंडर २००७ पर्यंत ॲक्सेसबरोबर यायचे. २०१० पासून ते वगळले, त्यामुळे ते वापरणारा जुना फॉर्म नव्या मशीनवर चूक दाखवतो. गणिताच्या शिक्षकांचे दुखणे वेगळे. ‘इक्वेशन ३.०’ हा समीकरणे लिहिण्याचा संपादक वापरून घातलेली समीकरणे जुन्या प्रश्नपत्रिकांत हजारोंनी आहेत. त्या संपादकात गंभीर सुरक्षात्रुटी सापडल्यामुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो काढूनच टाकला. समीकरण कागदावर दिसते, छापताही येते, पण दोनाच्या जागी तीन करायला गेले तर तो संपादकच मशीनवर नसतो. अशांसाठी जुनी आवृत्ती ठेवण्याला अर्थ आहे; समीकरणांसाठी मात्र ते अपडेट बसवलेल्या जुन्या आवृत्तीचाही उपयोग नाही.

आता बसवण्याचा क्रम. सर्वांत जुनी आवृत्ती आधी, मग तिच्यापुढची, सर्वांत नवी शेवटी. प्रत्येक ऑफिस स्वतःच्या फोल्डरखेरीज काही सामाईक फायली आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या) नोंदी लिहिते. शेवटी जे बसते त्याच्या नोंदी वर राहतात. नवे आधीच असलेल्या मशीनवर २००७ ची सीडी घातली की जुन्याच्या नोंदी नव्यावर चढतात, आणि मग नवे एक्सेल उघडताना मध्येच जुन्याचा सेटअप सुरू होणे, डबल-क्लिकला भलतेच उघडणे असले प्रकार घडतात. तसे झालेच असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये नव्या ऑफिसवर ‘चेंज’ दाबून आधी ‘क्विक रिपेअर’ करावे. त्याने भागले नाही तर ‘ऑनलाइन रिपेअर’. हा दुसरा प्रकार ऑफिस जवळजवळ पुन्हा उतरवून घेतो, त्यामुळे चांगले इंटरनेट आणि यूपीएस हवेच. वीज मध्येच गेली तर अर्धवट बसलेले ऑफिस निस्तरणे नव्याने बसवण्यापेक्षा कठीण असते.

दुसरा नियम बिटचा, म्हणजे प्रोग्रॅमची बांधणी ३२-बिट आहे की ६४-बिट याचा. एका मशीनवरची सगळी ऑफिसे ३२-बिट तरी हवीत किंवा ६४-बिट तरी. मिसळ चालत नाही. २००३ आणि २००७ फक्त ३२-बिटमध्येच आली, ६४-बिट ऑफिस २०१० पासून सुरू झाले. म्हणजे २००७ ठेवायचे असेल तर नवेही ३२-बिटच घ्यावे लागते. इथेच बहुतेकांचे चुकते, कारण २०१९ पासून ऑफिस आपणहून ६४-बिट बसू पाहते आणि जुने ३२-बिट दिसले की नकार देते. तो नकार वाचून दुकानदार जुने काढतो. खरे तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून डाउनलोडच्या पानावरील ‘अदर ऑप्शन्स’मधून ३२-बिट निवडायचे असते, तेवढेच. विंडोज ६४-बिट असले तरी त्यावर ३२-बिट ऑफिस व्यवस्थित चालते.

तिसरा नियम आवृत्तीच्या आतल्या क्रमांकाचा. २००३ चा अंतर्गत क्रमांक ११, २००७ चा १२, २०१० चा १४, २०१३ चा १५. आणि २०१६, २०१९, २०२१, २०२४ व मायक्रोसॉफ्ट ३६५ या सगळ्यांचा १६. एकाच क्रमांकाची दोन ऑफिसे शेजारी बसत नाहीत. २०१९ ठेवून २०२१ घालतो म्हणणाऱ्याला ते जमणार नाही. २००७ किंवा २०१० ठेवून २०२१ घालतो म्हणणाऱ्याला जमेल. मायक्रोसॉफ्टचा आता या जोडीला अधिकृत आधार नाही, पण वर्ड आणि एक्सेलपुरती ती चालते.

आउटलुक मात्र एकच. दोन आवृत्त्यांची आउटलुक एकत्र नांदत नाहीत, आणि नव्या ऑफिसचा सेटअप अडून बसण्याचे हे नेहमीचे कारण. नवे घालण्याआधी कंट्रोल पॅनेलमध्ये जुन्या ऑफिसवर ‘चेंज’, मग ‘ॲड ऑर रिमूव्ह फीचर्स’, तिथे आउटलुकसमोर ‘नॉट अव्हेलेबल’ करावे. त्याने पत्रव्यवहार पुसला जात नाही. तो पीएसटी फाइलमध्ये असतो, २००७ मध्ये बहुधा यूजरच्या ‘ॲपडेटा’खालील ‘लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक’ या फोल्डरात. तरीही ती फाइल आधी पेनड्राइव्हवर घ्यावी आणि मगच हात लावावा.

एका मोठ्या घोटाळ्याबद्दल खास सावध करावेसे वाटते. संस्थांचे संगणक सांभाळणारे ‘ऑफिस डिप्लॉयमेंट टूल’ हे ऑफिस बसवण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन वापरतात. त्याची एक छोटी एक्सएमएल फाइल असते. तीत ३२ की ६४, कुठले प्रोग्रॅम वगळायचे, हे लिहिता येते, आणि ते चांगलेच आहे. पण तीत ‘रिमूव्ह एमएसआय’ नावाची एक ओळ असली की सेटअप जुने सीडीवरचे ऑफिस न विचारता काढून टाकतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर पर्याय निवडून ही फाइल तयार केली तर जुन्या एमएसआय आवृत्त्या काढण्याचे बटण चालू नाही ना, हे पाहावे. ती ओळ एकदा चालली की परतीची वाट म्हणजे जुनी सीडी आणि तिची पंचवीस अक्षरी की, आणि ती की किती कार्यालयांत सापडेल हे ज्याने त्याने कपाट उघडून पाहावे.

दोन्ही बसली की पहिली तक्रार येते ती अशी: जुने वर्ड उघडले की ‘कॉन्फिगर होत आहे, थांबा’ अशी खिडकी, नवे उघडले की पुन्हा तेच. प्रत्येक आवृत्ती उघडताना फायलींवरचा हक्क पुन्हा आपल्याकडे ओढते म्हणून हे होते. उपाय रजिस्ट्रीत आहे. ‘एचकी करंट यूजर’खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १२.०, वर्ड, ऑप्शन्स असे उतरत जावे आणि तिथे ‘नोरीरेग’ (एन-ओ-आर-ई-आर-ई-जी, सलग) या नावाची डीवर्ड (संख्येच्या प्रकारची) नोंद करून किंमत १ द्यावी. एक्सेलसाठी तेच ‘एक्सेल, ऑप्शन्स’मध्ये. १२.० च्या जागी आपल्या जुन्या आवृत्तीचा क्रमांक. आधी त्या शाखेची ‘एक्सपोर्ट’ घेऊन ठेवावी. ॲक्सेसला हा उपाय लागू पडत नाही. तिथे आवृत्ती बदलली की थोडे थांबावेच लागते.

दुसरी तक्रार डबल-क्लिकची. फाइल नव्यात उघडावी की जुन्यात? ‘ओपन विथ’मधून जुन्या फोल्डरातला वर्ड दाखवला तरी विंडोज तो स्वीकारत नाही, कारण दोन्ही प्रोग्रॅमच्या फायलींचे नाव एकच आहे आणि विंडोज त्या यादीत नावावरून ओळखते. त्यात वेळ घालवू नये. डबल-क्लिक नव्यालाच राहू द्यावे. मग विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ‘शेल’, कोलन, ‘सेंडटू’ असे सलग टाइप करावे. उघडलेल्या फोल्डरात जुन्या वर्डचा आणि एक्सेलचा शॉर्टकट ठेवावा. ते सहसा ‘प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६), मायक्रोसॉफ्ट ऑफिस, ऑफिस१२’ या जागी असतात. शॉर्टकटला ‘वर्ड २००७’ असे स्पष्ट नाव द्यावे. यापुढे फाइलवर राइट-क्लिक, ‘सेंड टू’, ‘वर्ड २००७’. विंडोज ११ वर आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबावे लागते. ही सोय एकदा करून दिली की कारकुनाला दुसरे काही शिकवावे लागत नाही.

दोन्ही वर्ड एकाच वेळी उघडी ठेवू नयेत. २००७ पासून पुढची सगळी वर्ड ‘नॉर्मल’ नावाची एकच टेम्प्लेट फाइल वापरतात. दोघांनी ती धरली की बंद करताना ‘नॉर्मल टेम्प्लेट बदलली आहे, साठवू का’ असले प्रश्न येतात, आणि घाईत ‘हो’ दाबल्यावर मॅक्रो (आपोआप कामे करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) किंवा ठरवून ठेवलेला फॉन्ट जातो. एक्सेलमध्ये ‘पर्सनल’ या मॅक्रो-फाइलचे तसेच. नवी आवृत्ती बसवण्याआधी या दोन्ही फायलींच्या प्रती काढून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

एक्सेलमधली गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तिथे चूक डोळ्यांना दिसत नाही. एक्सलुकअप हे सूत्र २०२१ आणि ३६५ मध्ये आहे, २०१९ मध्येही नाही. कुणी त्यावर कामगारांचे पगारपत्रक बनवले आणि ते जुन्यात उघडले, तर आकडे जसेच्या तसे दिसतात. ते आकडे शेवटच्या हिशेबाचे, साठवून ठेवलेले असतात. हजेरी बदलली, हिशेब पुन्हा झाला की ‘#नेम?’ उमटते, आणि हिशेब पुन्हा झालाच नाही तर जुनाच आकडा छापून हातात पडतो. त्यामुळे जी फाइल दोन्ही आवृत्त्यांत फिरणार तीत व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅच हीच सूत्रे ठेवावीत. जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळी आणि २५६ स्तंभच मावतात; नव्यात १०,४८,५७६ ओळी. मोठी फाइल जुन्या प्रकारात साठवली की खालच्या ओळी कापल्या जातात. त्याआधी सूचनेची खिडकी येते, ती न वाचता ‘कंटिन्यू’ दाबू नये. उलट, जुनी फाइल नव्यात नुसती पाहिली तरी बंद करताना ‘बदल साठवायचे का’ असे विचारते. कुणी काही बदलल्याचा तो पुरावा नव्हे. नवे एक्सेल जुनी फाइल उघडताना सगळी सूत्रे पुन्हा मोजते, एवढेच.

मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी: नव्यात उघडून साठवलेली फाइल जुन्यात आणली की ‘प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही’ असे येते. व्हीबीएच्या (मॅक्रो लिहिण्याच्या भाषेच्या) खिडकीत ‘टूल्स, रेफरन्सेस’मध्ये पाहिले की एका ओळीपुढे ‘मिसिंग’ लिहिलेले असते. नव्या ऑफिसने तो संदर्भ गुपचूप १६.० वर नेलेला असतो. कायमचा उपाय म्हणजे संदर्भ काढून ‘क्रिएट ऑब्जेक्ट’ने वस्तू तयार करणे. फाइल ई-मेलने आली असेल आणि मॅक्रो अडवले जात असतील, तर ती खात्रीची आहे हे पाहूनच प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ करावे.

मराठी मजकुराबद्दल सोलापुरात जास्त बोलायला हवे, कारण आपल्याकडे एकाच लग्नपत्रिकेत मराठी, तेलुगू आणि कन्नड असते. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा सामाईक संकेत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नवे वर्ड बसवले की त्याचे ऑटोकरेक्ट मूळच्या स्थितीत, म्हणजे चालू असते. वाक्याचे पहिले अक्षर ते आपणहून कॅपिटल करते, आणि जुन्या फॉन्टमध्ये लहान व मोठ्या अक्षराला वेगवेगळी मराठी अक्षरे असल्याने टाइप करताना भलतेच अक्षर उमटते. सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात, आणि ज्या फॉन्टमध्ये त्या जागी वेलांटी किंवा रफार बसवला आहे तिथे तो उडतो. म्हणून ‘फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’मध्ये जाऊन कॅपिटलच्या खुणा आणि ‘स्मार्ट कोट्स’ची खूण काढावी. हे नव्या आवृत्तीत वेगळे करावे लागते. जुन्यात केलेले तिकडे लागू होईल असे धरून चालू नये.

युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फायलींचेही पान हलते. जुन्या विंडोजवर मंगल फॉन्ट असायचा. विंडोज १० पासून तो आपोआप बसतोच असे नाही आणि त्याच्या जागी निर्मला येतो. अक्षरांची उंची-रुंदी वेगळी, त्यामुळे चार पानांचा ठराव पाच पानांवर जातो आणि सहीची जागा एकटीच मागे उरते. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून तिथून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्यावेत. तेलुगूच्या संचात गौतमी आणि कन्नडच्या संचात तुंगा असतो, तेही त्याच यादीत मिळतात. रुपयाचे चिन्ह २०१० साली आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्या जागी चौकोन दिसतो, तिथे ‘रु.’ लिहिणेच शहाणपणाचे.

ज्यांना फक्त जुन्या फायली वाचायच्या आणि पीडीएफ करायच्या आहेत, त्यांनी दुसरे विकतचे ऑफिस ठेवण्याआधी लिब्रेऑफिस पाहावे. २०१० पासून ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ते चालवते, ते मोफत आहे, मराठी मेनूसह मिळते, आणि वर्डच्या खूप जुन्या फायली उघडते. ‘इक्वेशन ३.०’ची समीकरणे ते स्वतःच्या प्रकारात बदलूनही घेते. तो पर्याय ‘टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, मायक्रोसॉफ्ट ऑफिस’मध्ये आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या शेजारी ते बिनतक्रार राहते. त्याच्याच दोन आवृत्त्या हव्या असतील तर नेहमीसारखे बसवू नये, कारण दुसरी पहिलीला बदलून टाकते. ‘एमएसआयएक्झेक’ ही आज्ञा ‘स्लॅश ए’ लावून द्यावी, म्हणजे सगळे एका वेगळ्या फोल्डरात उलगडते. मग त्यातल्या ‘प्रोग्रॅम’ फोल्डरात ‘बूटस्ट्रॅप’ नावाची आयएनआय फाइल असते. तीत ‘यूजर इन्स्टॉलेशन’च्या ओळीवर दोन्ही आवृत्त्यांचे पत्ते वेगळे आहेत ना हे पाहावे. नाहीतर दोघींच्या सेटिंग्ज एकमेकींत मिसळतात.

आणि जिथे २००३ किंवा त्याआधीचेच हवे, तिथे खऱ्या मशीनवर ते बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. व्हर्च्युअलबॉक्स हे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारे मोफत साधन घ्यावे, त्यात परवान्याचे विंडोज ७ बसवावे, २ जीबी मेमरी द्यावी (मूळ मशीनला ८ जीबी असावी), आणि जुने ऑफिस त्या पेटीत ठेवावे. सेटिंगमध्ये ‘एनेबल नेटवर्क ॲडॉप्टर’ची खूण काढली की बाहेरचा संबंध तुटतो. फायलींची ने-आण शेअर्ड फोल्डरने होते. त्यासाठी आत ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसवावे लागतात. सगळे नीट लागले की ‘स्नॅपशॉट’ घ्यावा, म्हणजे बिघडल्यास तिथवर परत येता येते. विंडोजचे हायपर-व्ही हेच काम करते, पण ते होम आवृत्तीत नसते.

सुरक्षेत ढिलाई नको. २००७ चा आधार १० ऑक्टोबर २०१७ ला, २०१० चा १३ ऑक्टोबर २०२० ला, २०१३ चा ११ एप्रिल २०२३ ला संपला. त्यानंतर सापडलेल्या त्रुटी त्यांत तशाच उघड्या आहेत. म्हणून ई-मेल, व्हॉट्सॲप किंवा परक्या पेनड्राइव्हवरून आलेली कुठलीही फाइल जुन्यात उघडू नये. तिथे फक्त आपल्याच कपाटातल्या फायली. शिवाय विंडोज फायरवॉलच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, प्रोग्रॅम’ असे जाऊन ऑफिस१२ फोल्डरातल्या वर्ड आणि एक्सेलला ‘ब्लॉक’ करावे. मॅक्रोमधून सुरू झालेला दुसरा प्रोग्रॅम मात्र या नियमात अडकत नाही. म्हणून जुन्या आवृत्तीत मॅक्रो बंद ठेवावेत आणि ज्या एका फोल्डरात आपल्या मॅक्रो-फायली आहेत तेवढाच ‘ट्रस्टेड लोकेशन’ म्हणून नोंदवावा.

परवान्याचे सांगायलाच हवे. प्रत्येक आवृत्तीला तिचा स्वतःचा परवाना लागतो. नवे घेतले म्हणून जुने आपोआप अधिकृत होत नाही. क्रॅक केलेली प्रत शेजारी ठेवली तर वर लिहिलेल्या सगळ्या खबरदारीला अर्थ उरत नाही, कारण बाहेरच्या ज्या घाणीपासून मशीन वाचवायचे ती क्रॅकबरोबरच आत आलेली असते.

शेवटी दोन मागण्या. शहरातल्या शासकीय कार्यालयांनी, महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने अर्जांचे नमुने पाठवताना ते युनिकोडमध्येच द्यावेत आणि सोबत पीडीएफ जोडावी. जुन्या फॉन्टमधला नमुना मिळाला की तो भरण्यासाठीच लोकांना जुने ऑफिस जिवंत ठेवावे लागते. आणि संस्थांनी संगणक देखभालीचा वार्षिक करार करताना त्यात लेखी घालावे, की ऑफिसची कुठलीही आवृत्ती काढण्याआधी सचिवांची सही घेतली जाईल, आणि प्रत्येक मशीनवरील आवृत्त्या, त्या ३२-बिट की ६४-बिट, बसवल्याचा क्रम व परवान्याच्या की यांचा कागद संस्थेच्या ताब्यात राहील.

कळावे,

आपला,
संगणक देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक,
सोलापूर